युद्धाची पानं सोडून

वाचनालयातून आणलेली ऐतिहासिक कादंबरी उघडावी आणि मधली तीस-चाळीस पानं एकाच टाचणीत टोचलेली निघावीत, तर समजायचं की पुस्तक सिस्टरांच्या हातून आलेलं आहे. टाचणीच्या आत लढाई असते. सिस्टरांनी ती वाचलेली नसते आणि तुम्हीही वाचू नये अशी त्यांची इच्छा असते. शेजारी पेन्सिलीनं, केसपेपरवर लिहितात तशा तिरप्या अक्षरात, सूचना असते : 'पुढे चला. जखमी पान २१३ वर.'

सिस्टरांना नाव आहे, पण ते पेन्शनच्या कागदापुरतं. जालन्याला मिशनच्या दवाखान्यात त्या शिकल्या, मग सरकारी नोकरीत जिंतूर, पालम, सोनपेठ, गंगाखेड अशी ठिकाणं फिरून परभणीत निवृत्त झाल्या. अर्ध्या जिल्ह्याला त्यांनी इंजेक्शनं दिली. उरलेला अर्धा पळून गेला, तो कोण कोण हे त्यांना आजही पाठ आहे. रस्त्यात एखादा साठीचा गृहस्थ हात जोडून उभा राहिला की त्या त्याच्या तोंडाकडं पाहत नाहीत, दंडाकडं पाहतात. "देवी टोचतानी चावला होतास मला," म्हणतात, आणि तो गृहस्थ, मग भले तो मार्केट कमिटीचा माजी सभापती असो, मान खाली घालतो.

रविवारी उपासना संपली की त्या थेट वाचनालयात येतात. खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत बायबल, 'उपासना संगीत', चष्म्याचं घर, टाचण्यांची डबी आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं वाचनालयाचं पुस्तक. देवघेवीच्या टेबलापाशी येऊन त्या ग्रंथपालाला विचारतात, "आलं का काही नवं? लढाई झाल्यावरचं?" आमच्या ग्रंथपालाला या प्रश्नाचा अर्थ समजायला एक पावसाळा लागला. सुरुवातीला तो बिचारा १९७१च्या युद्धावरची पुस्तकं काढून द्यायचा.

त्यांना हवी असते ती कादंबरी अशी. काळ जुना हवा. लढाई नुकतीच संपलेली हवी, धूर दिसला तर चालेल, तलवार नको. नायक थोडा मोडलेला हवा. हात मोडलेला असेल तर उत्तम, पाय असेल तर बरं, काहीच नसेल तर निदान झोप तरी उडालेली असावी. नायिकेला प्रार्थना यायला हवी आणि पट्टी बांधता यायला हवी, आणि यातलं एकच येत असेल तर पट्टी. शेवटी लग्न. लग्नाशिवाय संपलेल्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर त्या लिहितात, 'डिस्चार्ज दिलेला नाही.'

असली पुस्तकं जगात लिहिली जातात आणि ढिगानं विकली जातात, यावर माझा विश्वास नव्हता. सिस्टरांनी तो बसवला. पुण्याची भाची त्यांना इंग्रजी पुस्तकं पाठवते आणि त्या ती शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतात. फ्रान्सिन रिव्हर्स नावाच्या अमेरिकन बाईंची 'अ व्हॉइस इन द विंड' ही १९९३ची कादंबरी आली तेव्हा पहिलंच प्रकरण टाचलं गेलं, कारण ती सुरू होते इसवी सन ७० मध्ये, रोमन फौजा यरुशलेमचा विध्वंस करत असताना. त्यात घरदार गमावलेली हदस्सा ही ख्रिस्ती मुलगी गुलाम म्हणून रोमच्या एका श्रीमंत घरात येते, आणि त्या घरच्या मुलाचा जीव तिच्यावर जडतो. इथवर सगळं सिस्टरांच्या मापाचं. पण पुस्तकाच्या शेवटी हदस्साला सिंहांपुढं सोडलं जातं. त्या आठवड्यात सिस्टर कोणाशी धड बोलल्या नाहीत. दूधवाल्यानं विचारलं तर म्हणाल्या, "आमच्यातली एक पोरगी लई सीरियस हाय." भाचीनं दुसरा भाग तातडीनं पाठवला. त्यात हदस्साला एक डॉक्टर वाचवतो, आणि बरी झाल्यावर ती त्याच्याच हाताखाली रोग्यांची सेवा करायला लागते. सिस्टरांनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे म्हणून कोणी विचारलं नाही. नाताळ जवळ होता.

पण त्यांचं खरं दैवत म्हणजे 'क्वो वादिस'. हेन्रिक शिएन्किएविच या पोलिश लेखकानं ती १८९६ मध्ये पुस्तकरूपात आणली, पुढं १९०५ साली त्याला नोबेल मिळालं. नीरोच्या रोममध्ये विनिशियस हा तरुण अधिकारी पूर्वेकडच्या लढाईवरून परत येतो. येताना त्याचा हात दुखावतो म्हणून तो एका घरी थांबतो, आणि तिथं त्याला लिजिया दिसते, एका जुन्या लढाईनंतर ओलीस म्हणून ठेवलेली राजकन्या. म्हणजे दोघंही लढाईतून उरलेली. तो आधी तिला पळवून न्यायला बघतो, तिचा पहाडासारखा रखवालदार त्याचा हात मोडतो, आणि ज्या ख्रिस्ती लोकांच्या घरावर तो चालून गेला तेच त्याचं हाड बसवून त्याला बरं करतात. हे हाड बसवण्याचं प्रकरण सिस्टरांना तोंडपाठ आहे. "ते रोम जळायलंय, सिंह सुटायलेत, ते समदं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणतात. "माणूस सुधारला कुठं? खाटेवर. उभ्या माणसाला कोणी सुधरवू शकत नाही."

याच विनिशियसनं एकदा मंडळीत घोटाळा केला. रविवारी प्रार्थनेच्या विनंत्या चिठ्ठीवर लिहून द्यायची पद्धत आहे. सिस्टरांनी पुस्तकात खूण म्हणून ठेवलेला कागद चुकून त्या थाळीत गेला. कागदावर लिहिलं होतं : 'विनिशियस. लढाईवरून आलेला. हात मोडला. मन थाऱ्यावर नाही. लग्नाचं जमत नाही.' पाळकसाहेब नवीन बदलून आलेले. त्यांनी डोळे मिटले आणि सैन्यातून जखमी होऊन परतलेल्या आपल्या प्रिय विनिशियस भाऊंसाठी पाच मिनिटं मनापासून प्रार्थना केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. बाहेर आल्यावर दोघीतिघींनी सिस्टरांना बाजूला घेऊन विचारलं, मुलगा कुठला, पेन्शन किती, आणि दुसरा हात चालतो ना? सिस्टरांनी खुलासा केला नाही. "प्रार्थना वाया कामून घालवायची?" एवढंच मला म्हणाल्या.

'बेन-हर'वरून मात्र त्यांचं आणि माझं भांडण आहे. मी म्हणालो, ते तर रथांच्या शर्यतीचं पुस्तक, सिनेमाला ११ ऑस्कर मिळाली ती काय लग्नासाठी? सिस्टरांनी चष्मा काढला. लेखक लू वॉलेस हा अमेरिकेच्या यादवी युद्धातला जनरल, हे मला माहीत होतं. १८६२ साली शायलोच्या लढाईत त्याची तुकडी वाट चुकली आणि पहिल्या दिवसाची लढाई संपता संपता मैदानावर पोचली, त्याबद्दल त्यानं जन्मभर बोलणी खाल्ली, हे सिस्टरांनी सांगितलं. मग १८८० मध्ये त्यानं 'बेन-हर' लिहिली. "उशिरा पोचला म्हणून तर लिहिता आलं," सिस्टरांचा निकाल. "जे येळेवर पोचले ते लढले. लढाई झाल्यावर पोचणाऱ्यालाच मैदान दिसतंय." मला यावर उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

आणि तरीही याच पुस्तकाच्या समासात त्यांचा सगळ्यात कडक शेरा आहे. नायकाची आई आणि बहीण कुष्ठरोगी होतात आणि येशूच्या कृपेनं बऱ्या होतात. सिस्टर श्रद्धाळू आहेत. पण कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणासाठी त्या जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर पायी फिरलेल्या आहेत, डॅप्सोनच्या गोळ्यांवर आयुष्य काढणारी माणसंही त्यांनी पाहिली आणि पुढं बहुऔषधी उपचारांनी बरी झालेलीही. त्या पानावर त्यांनी लिहिलंय : 'चमत्कार मान्य. फॉलोअप कुठे?'

मराठीत त्यांच्या मनासारखं फार थोडं मिळतं, याचं त्यांना शल्य आहे. १९९५ साली परभणीत नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं तेव्हा त्या ग्रंथप्रदर्शनात गाळ्यागाळ्यावर जाऊन विचारत होत्या, "लढाई झाल्यावरची प्रेमकथा हाय का? प्रार्थनेसकट?" एकानं शिवचरित्र पुढं केलं, एकानं ज्ञानेश्वरी, आणि एकानं, बहुधा शेवटचा शब्द तेवढा ऐकून, उपवासाच्या पदार्थांचं पुस्तक. तेही त्यांनी घेतलं. पण बाबा पदमनजींचं नाव गाळ्यावर कोणी काढलं नाही, हे त्या विसरायला तयार नाहीत. १८५७ साली, इकडं उठाव चालू असताना, बेळगावच्या या ख्रिस्ती झालेल्या माणसानं 'यमुनापर्यटन' लिहिली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. यमुना विधवा होते, ठिकठिकाणच्या विधवांचे हाल नवऱ्याबरोबर फिरताना तिनं आधीच पाहिलेले असतात, शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. "म्हंजे मराठी कादंबरीची सुरवातच शेवट गोड करून झाली," सिस्टर म्हणतात, "मग तुम्ही लोकांनी ती कडू कधी केली?" तुम्ही लोक म्हणजे मी आणि माझे समस्त समीक्षक मित्र.

'स्मृतिचित्रे' त्यांच्या मते लढाईनंतरचंच पुस्तक आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षं घरात जे चाललं त्याला सिस्टर 'सिव्हिल वॉर' म्हणतात. रणजित देसायांची 'स्वामी' हीही त्यांनी त्याच खणात घातली आहे. आमच्या लक्षात येत नाही, पण ही मराठीतली सगळ्यात लाडकी प्रेमकहाणी पानिपतानंतरची आहे. १७६१ मध्ये एवढा मोठा घाव बसल्यावर सोळा वर्षांचा मुलगा गादीवर येतो, आणि त्याची आणि रमाबाईंची गोष्ट त्या घावावरच्या खपलीवर चालते. फक्त शेवट सिस्टरांना मुळीच सोसत नाही. १७७२ मध्ये थेऊरला माधवराव क्षयानं जातात आणि रमाबाई सती जातात. तिथं त्यांनी टाचणी लावलेली नाही, सरळ डिंक लावलाय. वर टीप : 'स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली आले. १७१ वर्षे उशीर.'

पानिपतावरून त्यांना पार्वतीबाई आठवतात. सदाशिवरावभाऊ रणात गेले, पण पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही. पुढं भाऊंचा तोतया उभा राहिला, पुण्यात गदारोळ झाला, आणि या बाई १७८३ पर्यंत जगल्या. "बावीस वर्सं!" सिस्टर टेबलावर बोट आपटतात. "बावीस वर्सं बाई वाट बघायली, आन् तुम्ही लोक अजून भाऊनं हत्ती कामून सोडला यावर भांडायलाव!"

हे शेवटचं वाक्य नायबसाहेबांना उद्देशून असतं. नायबसाहेब म्हणजे निवृत्त नायब तहसीलदार, आमच्या वाचनालयातला दुसरा तट. ते फक्त लढाया वाचतात. विश्वास पाटलांचं 'पानिपत' त्यांनी इतक्यांदा नेलंय की कार्डावर तारखेचा शिक्का मारायला जागा नाही. तह, वाटाघाटी, डोहाळे आणि पत्रं हे सगळं त्यांच्या दृष्टीनं चिल्लर कामकाज. सिस्टरांच्या टाचण्या ते कचेरीतल्या शिस्तीनं काढतात, कागदाच्या पुडीत बांधतात आणि 'परत' असं लिहून ग्रंथपालाकडं देतात. वर प्रेमाच्या पानांवर लाल पेन्सिलीनं मारतात : 'विषयाशी संबंध नाही.' या दोघांनी मिळून प्रत्येक पुस्तक पुरतं वाचलेलं असतं, अर्धं अर्धं. ग्रंथपालानं एकदा भीतभीत सुचवलं की दोघांनी एकाच वर्गणीत भागवलं तरी चालेल. त्या दिवशी दोघं पहिल्यांदा एका बाजूनं बोलले, ग्रंथपालाच्या विरुद्ध.

मागच्या उन्हाळ्यात नायबसाहेबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. परभणीचा मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या आसपास, आणि नायबसाहेब पाठीवर. सिस्टर तिसऱ्या दिवशी हजर. टाके पाहिले, सुनेला पट्टी बदलायला शिकवली, "गुडघा वाकवा, तहसील कचेरी न्हाई ही, काम आज करावं लागंल," असं दटावून व्यायाम करवून घेतला, आणि निघताना उशाशी एक पुस्तक ठेवलं. नायबसाहेबांनी टाचणी काढायला हात घातला तर टाचणी नव्हती. लढाईच नव्हती. लढाईवरून एक पाय गमावून आलेला माणूस आणि त्याची खोली झाडणारी बाई, एवढ्यावर साडेतीनशे पानं. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून त्यांनी वाचलं, असं ते सांगतात. आठवड्यानं त्यांनी नातवाला वाचनालयात पाठवलं : "आजोबांनी विचारलंय, या बाईचं पुढं काय झालं ते पुस्तक आहे का? आजीला पाहिजे." आजी जाऊन आठ वर्षं झाली आहेत. ग्रंथपालानं काही न बोलता नोंद केली, हा त्याचा मोठेपणा.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आमच्याकडची म्हण बाहेरच्यांना गंमत वाटते, आम्हाला अभिमान. सिस्टर ती फार गंभीरपणे घेतात. १९४५ नंतर जर्मनीच्या पडक्या शहरांत बायकांनी ढिगारे उपसले, एकेक वीट ठोकून साफ करून रचली, हे त्यांनी कुठल्याशा कादंबरीत वाचलंय. "म्हणीत खोटं न्हाई," त्या रस्त्याकडं बघत म्हणतात. "बॉम्ब तेवढा पडला न्हाई, बाकी समदं तसंच हाय. विटा उचलायलाच कोणी येईना."

आणि कोणी म्हणालं की हे सगळं परदेशी, आपल्या मातीत असलं कुठं घडतंय, तर त्या हुकमाचं पान टाकतात : वळिवडे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेली जवळपास पाच हजार माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतं, नाटकं होत होती. वसाहत उठली तेव्हा एक पोलिश मुलगी मराठी मुलाशी लग्न करून कोल्हापुरातच राहिली, साडी नेसली, संसार केला. पुढं त्याच जागेत फाळणीनं उठवलेली सिंधी कुटुंबं आली आणि त्याचं गांधीनगर झालं. एका लढाईची माणसं गेली, दुसरीची आली. "जिनं 'क्वो वादिस' लिहिली त्याच देशाची पोरगी!" सिस्टर म्हणतात. लिहिणारा पुरुष होता हे मी सांगून पाहिलं. त्यांना ते पटत नाही. इतकं चांगलं हाड पुरुषाला बसवता येणार नाही, असं त्यांचं मत आहे.

आता त्यांच्या स्वतःच्या कादंबरीविषयी. होय, त्या लिहितात. दोनशे पानी वही आहे, तिलाही वर्तमानपत्राचं कव्हर आहे. कादंबरी सुरू होते १८ सप्टेंबर १९४८ रोजी सकाळी, परभणीत. तारीख त्यांनी विचार करून घेतली आहे. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आमच्याकडची जुनी माणसं याला 'ॲक्शन' म्हणतात आणि अजून त्यावरून वय मोजतात, ॲक्शनच्या आधीचा, ॲक्शनच्या नंतरचा. दर वर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचा झेंडा लागतो. सिस्टर इस्त्रीचं पातळ नेसून जातात, उन्हात ताठ उभ्या राहतात, भाषणं संपेपर्यंत हलत नाहीत, आणि मग शेजारच्याला विचारतात, "आन् अठरा तारखेला काय झालं?"

प्रश्न साधा वाटतो, तसा तो नाही. रझाकारांनी गावं जाळली होती, माणसं सरहद्दीपलीकडच्या कँपांत पळाली होती, ती परत येत होती. आणि ॲक्शननंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यातल्या कित्येक मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं ते पाहायला सरकारनं सुंदरलाल समिती पाठवली. तिचा अहवाल कित्येक दशकं कुलपात राहिला. सिस्टरांचा जन्म यानंतरचा. पण त्यांची आई त्या दिवसांत एका दवाखान्यात आया होती. तिनं सांगितलेलं त्यांच्याजवळ आहे : कोणाच्या जखमा धुतल्या, पाणी कुठून आणलं, फाडायला धोतरं कोणी दिली आणि चादरी कोणी. ती नावं ऐकली तर गावातले सगळे मोहल्ले त्यात येतात.

कादंबरीचा नायक पहिल्याच पानावर दवाखान्यात आणला जातो. त्याच्या डोक्याला आणि तोंडाला जखम आहे, सबंध चेहरा पट्टीत. नायिका, अर्थातच, नर्स. ती प्रार्थना करते आणि पट्टी बदलते. ही कादंबरी अनेक वर्षं चालू आहे आणि नायकाची पट्टी अजून सुटलेली नाही. कारण पट्टी सुटली की नाव सांगावं लागणार. सिस्टरांनी त्याला एकदा कँपातून आलेला स्वयंसेवक करायचं ठरवलं. त्याच दुपारी शेजारच्या चाची शिरखुर्मा घेऊन आल्या. मग तो चाचींच्या मोहल्ल्यातला, घर जळालेला मुलगा ठरला. तर संध्याकाळी, रझाकारांनी ज्यांचा चुलता मारला होता ते मागच्या गल्लीतले काका, नळाचं पाणी आलं म्हणून सांगायला आले. मद्रासकडून आलेला सैनिक केला तर सगळ्यांची सोय होते, पण मग तो लग्न करून तिकडं निघून जाईल आणि सिस्टरांना नायिका परभणीबाहेर पाठवायची नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणतात ना. जगात कुठंच न बनलेल्या माणसाचं इथं बनलं पाहिजे, अशी त्यांची कादंबरीकार म्हणून अट आहे.

"सिस्टर, तीन प्रकरणं झाली, जखम भरली असंल की आता," मी एकदा म्हणालो.

"भरली कवाच," त्या म्हणाल्या. "पण लेकरा, पट्टीतल्या माणसाला समद्या गल्लीनं डबा धाडलाय तिसऱ्या प्रकरणात. सोडली तर निम्मे डबे बंद होतील. चौथ्या प्रकरणापुरतं तरी जेवू दे त्याला."

लग्नाचं प्रकरण मात्र पूर्ण लिहून तयार आहे. जेवणात ज्वारीची भाकरी, वरण आणि गूळ-तूप; त्या साली साखर कुठून मिळायची, हा त्यांचा युक्तिवाद. वऱ्हाडात सगळं गाव आहे. नवरदेवाचा चेहरा मुंडावळ्यांखाली आहे की सेहऱ्याखाली हे लिहायला जागा मोकळी सोडली आहे. नायबसाहेबांनी हे प्रकरण वाचलं. लाल पेन्सिल त्यांच्या खिशातच होती, ती त्यांनी बाहेर काढली नाही. फक्त विचारलं, वाजंत्री कोणाची होती? सिस्टरांनी ते वहीत टिपून घेतलं.

त्यांची मुख्य अडचण वेगळी आहे. ॲक्शनबद्दल विचारलं की लोक लढाईच सांगतात. कोण कुठं लपलं, कोणी कोणाला मारलं, रणगाडे कुठून आले. अठरा तारखेला चूल पेटली का, दळण कुणी दळलं, रेल्वे कधी सुरू झाली, शाळा कधी उघडली, त्या वर्षी ज्वारी कोणी काढली, हे सांगणारी माणसं आता नव्वदीच्या पुढं गेली. तेव्हा परभणीत, सेलू-मानवतला, पाथरी-पूर्णेला किंवा आता हिंगोलीत गेलेल्या गावांत तुमच्या घरी असं कोणी म्हातारं माणूस असेल, तर त्याला एवढं विचारून ठेवा आणि सिस्टरांना कळवा. रविवारी उपासनेनंतर त्या वाचनालयातच असतात. कोणत्या बाजूचे होते ते सांगायची गरज नाही, त्या विचारणारही नाहीत. जेवायला काय होतं तेवढं मात्र नक्की आठवायला सांगा.